हलणाऱ्याचा फोटो

खोली बघायला म्हणून मी पहिल्यांदा त्या घरी गेले, तेव्हा मालकांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. दुकानाच्या दारात उभे राहून त्यांनी एक डोळा बारीक केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हनुवटी खाली."

मी घाबरून हनुवटी खाली घेतली.

"डावा खांदा जरा मागे. हां. आता बोला, काय काम होतं?"

मी तेव्हा देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत नुकतीच लागले होते. सटाण्याहून ट्रंक घेऊन आलेली एकटी मुलगी. अशा माणसाच्या घरात राहावं का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण खोलीत वारं चांगलं येत होतं आणि खालच्या स्वयंपाकघरातून भाजणीचा वास येत होता. मी राहिले.

खाली रस्त्याच्या अंगाला मालकांचा फोटो स्टुडिओ, मागे घर, वर माझी खोली. स्टुडिओ म्हणजे एक स्टूल, मागे पांढरी चादर, दोन छत्र्यांसारखे दिवे आणि एक काळा कोट. हा कोट फार महत्त्वाचा. पासपोर्ट साइज फोटोला माणूस रुबाबदार दिसावा म्हणून मालक तो प्रत्येकाच्या अंगात घालत. गिऱ्हाईक सडपातळ असेल तर मागून टाचण्या, आडदांड असेल तर कोट मागून उघडाच. कॅम्पातल्या निम्म्या माणसांचे फोटो त्या एकाच कोटात निघालेले होते. हवालदार, त्यांच्या बायका, भाजीवाले, माझे हेडमास्तर. पुढे पुढे मला बाजारात ही मंडळी कोटाशिवाय दिसली की उघड्यानेच बाहेर पडल्यासारखी वाटायची.

कॅम्पाच्या पलीकडे तोफांचा सराव चाले. धडाम झालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत. नवं माणूस दचके, जुनं माणूस चहाचा कप धरून ठेवी. मालकांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. स्टुडिओच्या भिंतीवरची एकूण एक फ्रेम चार कोपऱ्यांत चार खिळ्यांनी ठोकलेली. फोटो काढतानाही गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून ते हात वर करून थांबत. "एक जाऊ द्या." मग धडाम. "हां. आता हलू नका." खटक.

'हलू नका' हा त्यांचा मंत्र होता. मराठी माणसाला हलू नका, जवानाला "हिलना मत, जवान, साँस बाद में." ते दुधाला उतू जाताना म्हणत, मांजराला म्हणत, जिन्यावरून पळत उतरणाऱ्या मला तर रोज म्हणत. "माणूस हलला की तो कोण होता ते कळत नाही, टीचर," असं त्यांचं सरळ मत होतं.

आणि अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती काकू.

काकू निफाडकडच्या. बाई म्हणजे नुसतं वारं. पोळी लाटताना बोलायच्या, बोलताना हात हलवायच्या, हात हलवताना त्यातलं लाटणं कुणाला तरी लागायचं. जेवायला बसल्या तरी गुडघा हलत असायचा. त्यांच्या लग्नाचा एक ग्रुप फोटो घरात होता. त्यात सगळे वऱ्हाडी डोळे वटारून स्पष्ट उभे आणि मधोमध मुंडावळ्या बांधलेला एक धुरळा. तो धुरळा म्हणजे काकू.

लग्नानंतर मालकांनी त्यांना एकदा स्टुलावर बसवलं होतं. कोट काढून ठेवला, दिवे नीट लावले, तोफ जाऊ दिली आणि म्हणाले, हलू नको. काकूंना हसू फुटलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा फुटलं. तेव्हा बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, मालकांचा तोल गेला आणि ते ओरडले. काकू स्टुलावरून उठल्या. "मी काय फौजेत भरती व्हायला आलेय का?" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्या दिवसापासून मालकांच्या कॅमेऱ्यासमोर त्या बसल्या नाहीत. वर्षं गेली, डोकी पांढरी झाली, पण नाही म्हणजे नाही. आधार कार्डावर त्यांचा फोटो होता. पण मालक त्याला फोटो मानत नसत. "तो पुरावा आहे," म्हणत.

मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी मालकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एकदा दुकानात कोणी नसताना त्यांनी मला ते सांगितलं. "पट्टी बांधून पडलो होतो, टीचर. डोळे मिटले की अख्खा कॅम्प समोर यायचा. कोण कुठल्या बाजूने भांग पाडतो तेसुद्धा. पण हिचा चेहरा काही येईना. आवाज यायचा, बांगड्या यायच्या. चेहरा यायचा तो हललेला. त्या लग्नातल्या फोटोसारखा." मग चष्मा पुसत म्हणाले, "एक पाहिजे मला. फक्त एक. घरात तिचा एक सरळ फोटो पाहिजे."

मला गंमत वाटायला हवी होती, पण हसण्याऐवजी मी स्टुलावरचा काळा कोट उचलून खुंटीला नीट लावला.

पट्टी निघाल्यापासून ते काकूंच्या मागे लागले होते. काकू दाद देत नव्हत्या. शेवटी एका रात्रीच्या जेवणाला, माझ्यादेखत, त्यांनी अट घातली. त्याआधी थोडं सांगायला हवं.

काकूंच्या माहेरी द्राक्षाच्या बागेत घडीव दगडांची, पायऱ्यांची जुनी विहीर. तिच्यात मासे. त्या घरात एक चाल होती: लेक लग्न होऊन निघाली की जाताना तिने विहिरीत एक मासा सोडायचा. घरातलं एक माणूस कमी होतं, ते भरून काढायचं. मग दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली की आधी विहिरीतल्या माशाला घास, नंतर तिचं पान. काकूंचे भाऊ, ज्यांना सगळा गाव बापू म्हणे, ते बाजारातले बोंबील मिटक्या मारत खात; पण विहिरीतल्या माशाचं नाव काढलं की कान पकडत. काकूंनी सोडलेला रोहू अजून तिथे आहे आणि शेपटीच्या खाचेवरून ओळखू येतो, अशी काकूंची ठाम समजूत होती. मासा इतकी वर्षं जगतो का, हे मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मुद्दामच विचारलं नाही.

तर काकू म्हणाल्या, "तुमाला बसलेल्याचे फोटो येतात. बसलेल्याचा कोनाला बी येतो. माझ्या माहेरचा मासा हाय ना, माझ्या जागी सोडलेला? त्याचा काढा. पान्यात जाऊन, पळताना. तो नीट आला तर मी बसते. तुमी म्हनाल तितका वेळ बसते, डोळे सुदा मिटत नाय."

स्वयंवराचे पण लग्नाआधी लावतात असं मी ऐकून होते. ही बाई संसार होऊन गेल्यावर लावत होती. मालकांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मंजूर."

पाणी या वस्तूशी मालकांचा संबंध आंघोळीपुरता. पोहता येत नव्हतं. दारणा नदीच्या पुलावरून जाताना ते एसटीत डोळे मिटून घेत.

पहिली तयारी म्हणून त्यांनी स्टुडिओच्या खिडकीत काचेची टाकी आणून ठेवली, चार रंगीत मासे सोडले आणि दुकानातला डिजिटल कॅमेरा घेऊन समोर स्टुलावर बसले. पहिला फोटो आला तो त्यांच्या स्वतःच्या बनियनचा. काचेत पडलेलं प्रतिबिंब. दुसऱ्याला फ्लॅश मारला, तर काचेवर पांढरा गोळा. तिसऱ्यापासून खरी गोष्ट कळली. हा कॅमेरा बटण दाबल्यावर आधी घरघरत पुढेमागे बघायचा, मग ठरवायचा, मग फोटो काढायचा. तेवढ्यात मासा टाकीच्या दुसऱ्या टोकाला. फोटोत नुसतं पाणी, फार तर कडेला शेपूट.

"कॅमेऱ्याला विचार करायला वेळ लागतो," मालक मला म्हणाले. "माशाला लागत नाही."

"मग तुम्ही आधी दाबा."

"आधी म्हणजे कधी? माणसाला सांगता येतं, हनुवटी खाली, म्हणून. याला हनुवटीच नाही. सांगू काय?"

बसून राहिलेलं गिऱ्हाईक कोट घालून वाट बघत असे आणि मालक टाकीपुढे वाकलेले. एका सुभेदाराने तर माशांकडेच बघत तासभर काढला आणि जाताना फोटो काढायचाच विसरला. कॉम्प्युटरवर मालकांनी सगळं जपून ठेवलं होतं. मी एकदा पाहिलं: शेपट्या, शेपट्या आणि शेपट्या. एका फोटोत नुसते बुडबुडे होते, तो त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटला होता.

मग कॅम्पातल्या एका साहेबांची बदली झाली. बदली झाली की साहेबलोक घरातलं निम्मं सामान मागेच देऊन जातात. कुणाला झोपाळा मिळतो, कुणाला इस्त्री. मालकांना पाण्यात चालणारा छोटा पिवळा कॅमेरा मिळाला. त्यांचा आनंद काय वर्णावा! त्या दिवशी त्यांनी तो बादलीत बुडवून माझ्या, काकूंच्या आणि दूधवाल्याच्या पायांचे फोटो काढले. पाय स्पष्ट आले. अर्थात आम्हाला हलू नका सांगितलं होतं.

पहिल्या आखाजीला शाळेला सुट्टी होती, काकूंनी मलाही ओढलं. देवळालीहून पॅसेंजरने निफाडला उतरलो, तिथून बापूंच्या पिकअपमध्ये, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसून बागेत. मालकांच्या मांडीवर एक मोठं गाठोडं. आत काय, ते सांगेनात.

काकूंनी आल्या आल्या विहिरीच्या पायऱ्या उतरून माशाला घास घातला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं, नितळ. दुपारी ऊन थेट तळापर्यंत उतरायचं. मासे दिसत होते, हिरव्या पाण्यात सावल्या फिराव्यात तसे. मालकांनी गाठोडं सोडलं. आत स्टुडिओतली पांढरी चादर.

"बॅकग्राउंड," ते म्हणाले. "मागे कपारी दिसल्या तर मासा उठून दिसत नाही."

"दाजी, माशाचा काय पासपोर्ट काढायचाय का?" बापूंनी विचारलं.

चादरीच्या कोपऱ्यांना दगड बांधून मालकांनी ती विहिरीत सोडली. एवढा मोठा पांढरा पडदा वरून आल्यावर मासे जे कपारीत शिरले ते बाहेर येईनात. मालक खालच्या पायरीवर कमरेला दोर बांधून, पिवळा कॅमेरा धरलेला हात पाण्यात घालून बसले. दोराचं दुसरं टोक काकूंच्या हातात. अर्धा दिवस गेला. फोटोत चादर फार छान येत होती.

तेवढ्यात शेतातली लाइट आली. बापूंची मोटार लाइट आली की आपोआप चालू व्हायची. खाली पाण्यात पाइपाच्या तोंडाशी पाणी ओढायला सुरुवात झाली आणि चादर सरसर तिकडे निघाली. "अगं, बॅकग्राउंड चाललं!" मालक ओरडले. चादर पाइपाच्या तोंडाला गच्च बसली. मोटार आवाज करायला लागली, पाणी येईना. बागेची खरड छाटणी झालेली, वेलींना पाणी हवंच हवं, आणि ठिबकच्या नळ्या कोरड्या. बापूंनी मोटार बंद केली, सदरा काढून उडी मारली आणि दोन-तीनदा तळ गाठून ती चादर फाडून काढली.

वर आले ते लालबुंद. पण आखाजीला आलेल्या जावयाला बोलायचं नसतं. म्हणून बापू मोटारीला बोलले. "तुला लाज हाय का? येडी झालीस का? काय दिसंल ते गिळतीस व्हय?" मोटारीच्या आईबापांचाही उद्धार झाला. मालक शेजारी ओल्या धोतराने बसून मान हलवत होते. "खरंय," म्हणत होते. "खरंय, बापू." काकू हसून हसून विहिरीच्या काठावर आडव्या झाल्या होत्या.

परत येताना पॅसेंजरमध्ये मालक खिडकीतून बघत बसले होते. मला वाटलं, आता सोडतील नाद. नाशिक रोड आलं तेव्हा म्हणाले, "चादर चुकली, टीचर. मासा आपल्याकडे येऊन बसणार नाही. आपल्यालाच त्याच्याबरोबर जावं लागणार." एवढ्या साध्या गोष्टीला त्यांना उभा जन्म लागला, असं मनात आलं, पण चेहरा इतका गंभीर होता की मी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

मग वर्षभर त्यांचा रियाज चालला. मासा पळतो त्या दिशेने, त्याच वेगाने कॅमेरा फिरवायचा. फिरवता फिरवता, थोडं आधी, बटण दाबायचं. कॅमेरा विचार करेपर्यंत हात थांबवायचा नाही. मासे कुठले रोज मिळायला? म्हणून मालक सकाळी दुकानाच्या पायरीवर उभे राहून जे हलेल त्याच्यावर सराव करत. सायकली, कुत्री, एसटी, झाडू मारणारी बाई. रस्त्याने पळत जाणारी जवानांची तुकडी आली की हे तिच्याबरोबर मान आणि कॅमेरा गर्रकन फिरवत. कॅम्पात असलं करायला बंदी. एक दिवस लष्करी पोलीस दारात उभा.

"क्या फोटो खींच रहे हो रोज?"

"साहब, मछली की प्रैक्टिस है."

त्याला आधी राग आला. मग त्याने मालकांकडे, भिंतीवरच्या फ्रेमांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत तो स्वतः होता, काळ्या कोटात. "चाचा, मछली ही खींचो," एवढं बोलून तो गेला. त्यानंतर मालक जवानांचा नाद सोडून काकूंच्या कोंबड्यांकडे वळले.

एक बदल मात्र मला दिसत होता. ते काकूंकडे बघायला लागले होते. म्हणजे पूर्वी ते त्यांच्याकडे स्टुलावरच्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघत, कधी एकदा थांबते म्हणून. आता काकू अंगणात कपडे वाळत घालत इकडून तिकडे जात आणि मालकांची मान हळूहळू त्यांच्याबरोबर फिरे. हातात कॅमेरा नसे. काकूंच्या लक्षात आलं की त्या खेकसत. "काय बघताय बगळ्यावानी?"

दुसऱ्या आखाजीला आम्ही पुन्हा निफाडला उतरलो. बापूंनी पिकअपमध्ये बसवण्याआधी दाजींचं सामान स्वतः उघडून पाहिलं. चादर नव्हती.

दुपारी ऊन विहिरीच्या तळाला पोचलं तसे मालक उतरले. खालच्या पायरीवर, छातीपर्यंत पाण्यात. पोहता न येणारा माणूस, ओठ पुटपुटत होते, पण उतरले. कमरेला दोर, वर काकू दोर धरून उभ्या, मी शेजारी. मालकांनी पाण्यात हात घातला, पायरीवर पाय सरकवले आणि त्याबरोबर वर्षानुवर्षांचं शेवाळ उठून पाणी गढूळ झालं. फ्लॅश मारला तर फोटोत नुसते पांढरे ठिपके.

"पाय हलवू नका!" काकू वरून ओरडल्या.

मालक दचकले. पुन्हा पाय सरकला.

"हलू नका म्हनते ना! गप उभे ऱ्हावा. साळंतल्या पोरावानी काय चुळबुळ लावलीय?"

मी तोंडात पदर कोंबला. जन्मभर साऱ्या कॅम्पाला जे ऐकवलं ते मालकांना आज विहिरीच्या तळातून ऐकावं लागत होतं. पण ते उभे राहिले, खरोखर न हलता. शेवाळ हळूहळू बसलं. पाणी पुन्हा नितळ झालं. मासे काही जवळ येईनात. परक्या माणसाला कोण जवळ येतं? मालक कुडकुडायला लागले होते. एवढ्या उन्हातही विहिरीचं पाणी गार असतं.

काकूंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी दोर माझ्या हातात दिला, घरातून पुरणाच्या मांड्याचा तुकडा आणला, लुगड्याचा काष्टा खोचला आणि खाली उतरल्या. "या वयात थंडी भरून मराल," असं म्हणत त्या मालकांच्या वर, पाण्याबाहेरच्या पायरीवर बसल्या, तळहाताने पाण्यावर हळूच चापट्या मारल्या आणि लहान मुलीसारख्या आवाजात हाक मारली. "ये गं बाय. ये. मी आलेय."

कपारीतून तो आला. मोठा, तांबूस परांचा, शेपटीला खाच असलेला. काकूंचा हात पाण्यात गेला. मासा घासाकडे वळला आणि त्याच वेळी मालकांचा हात पाण्याखालून त्याच्याबरोबर वळला, डोळ्याला काही न लावता, नुसत्या अंदाजाने. त्या नादात त्यांचा चष्मा नाकावरून निसटून पाण्यात पडला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. काकू हसत सुटल्या. "अहो, चष्मा! चष्मा गेला बगळ्याचा!" मासा घास घेऊन वळला आणि गेला.

मालक वर आले. चष्मा नसल्यामुळे त्यांना कॅमेऱ्यावरचं काही दिसेना. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"शेपूटच ना?" काकूंनी विचारलं.

मी बघितलं. शेपूट होतं. शेपटीच्या पुढे अख्खा मासा होता, खवला न् खवला, डोळा, घासाकडे उघडलेलं तोंड. आणि त्याच्या वर, पाण्याच्या लखलखणाऱ्या पृष्ठभागाच्या पलीकडे, काकू. वाकलेल्या, केस सुटलेले, बांगड्या भरलेला हात पाण्यात शिरलेला, आणि तोंड भरून हसणाऱ्या. दोघंही हलत होती. दोघंही स्पष्ट.

"मालक," मी म्हणाले, "काकू आल्यात."

त्यांना आधी कळलंच नाही. मग बापूंनी आपला चष्मा त्यांना दिला. त्याचा नंबर वेगळा होता, पण मालकांनी तो डोळ्यांपासून लांब धरून, जवळ धरून कसंबसं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. धोतरातून पाणी गळत होतं.

काकू त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या. स्वतःला बघून जराशा लाजल्या आणि लाज झाकायला भांडायला लागल्या. "हे धरायचं नाय. मी बसले नव्हते. फोटो माशाचा झाला, आता माझी बसायची पाळी. मी शब्दाची पक्की हाय. उद्या बसते स्टुलावर."

"नको," मालक म्हणाले. "नको बसूस. आता कधीच बसू नकोस."

काकूंनी पदराने त्यांची ओली पाठ पुसायला घेतली. त्यांचा हात इतका सावकाश चाललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढे माझं लग्न झालं, मी नाशिक शहरात आले. कॅम्पाकडे जाणं कमी झालं. आखाजीला काकूंचा फोन यायचा, मागे मालकांचा आवाज यायचा, "टीचरना विचार, खांदा मागे घेतात का." मग एका वर्षी आखाजीच्या आधीच फोन आला, तो बापूंचा. काकू गेल्या होत्या. काही दुखणं नाही, झोपेत.

तेराव्याला मी गेले तेव्हा हॉलमध्ये खुर्चीवर तो फोटो होता, मोठा करून. हार घातलेला. पुढे एवढा थोरला मासा आणि त्याच्या मागून हसणाऱ्या काकू. येणारा प्रत्येक जण फुलं वाहायला वाकायचा आणि थबकायचा. एका म्हातारीने आधी माशाला नमस्कार केला, मग काकूंना. मला रडायचं होतं आणि हसूही येत होतं, आणि काकू असत्या तर नक्की कोणत्या बाजूला असत्या ते ठाऊक होतं.

बापू हळूच मालकांपाशी येऊन म्हणाले, "दाजी, मासा तेवढा काढून टाकायचा. कम्प्युटरवर होतं ना आता? लोक बघतेत."

मालक म्हणाले, "तिच्या जागी सोडलेला होता ना तो, बापू? मग दोघांतल्या कोणाला काढू?"

बापूंनी जाऊन हार थोडा वर सरकवला, माशाचा डोळा झाकला गेला होता तो मोकळा केला, आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

मालकांना मी शेवटची भेटले ती त्यानंतर काही महिन्यांनी. स्टुडिओ बंद झाला होता. पासपोर्टचे फोटो आता लोक फोनवरच काढतात. टाकी रिकामी होती, काळा कोट खुंटीला. पण दार उघडं आणि मालक स्टुलावर बसलेले. मला पाहून त्यांनी एक डोळा बारीक केला, पण हनुवटीचं काही म्हणाले नाहीत. आम्ही चहा घेतला. समोर भिंतीवर सगळा कॅम्प चार चार खिळ्यांवर, आणि मधोमध काकू. त्यांची फ्रेम तेवढी एकाच खिळ्याला, दोरीने टांगलेली.

पलीकडे तोफ झाली. काचा थरथरल्या, माझ्या कपातला चहा हलला. अख्खा कॅम्प जागच्या जागी राहिला. काकूंची फ्रेम डुलली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि ऊन पडलेल्या काचेत पाणी हलल्यासारखं झालं. पडेल म्हणून मी उठून हात पुढे केला.

मालकांनी माझा हात धरला. त्यांची मान फ्रेमबरोबर हळूहळू फिरत होती.

"राहू द्या, टीचर," ते म्हणाले. "हलू द्या."